काटेवाल्यांचं मूळ वजन

काटेवाले बोलायचे कमी, आणि तेही मोजून. गल्लीतली भाजीवाली म्हणायची, "यांच्या घरी मीठसुद्धा दोन्ही पारडी सारखी करून घालत असतील." त्यावर ते हसायचे नाहीत. "मीठ हिच्या हातात आहे," असं बायकोकडे बोट करून सांगायचे, "आणि हिचा हात माझ्या काट्याहून बरा." एवढं बोलून पुन्हा मान खाली.

घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. भिंतीवर लहानमोठे तराजू टांगलेले. खिडकीखाली लांब बाक, बाकावर चिमटे, कानस, आणि शिसं वितळवायची छोटी शेगडी. लोखंडी वजनाच्या पोटाखाली एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं. वजन झिजून हलकं झालं की शिसं घालायचं, जड भरलं की कोरून काढायचं. शहराच्या त्या भागातल्या प्रत्येक दुकानाचं वजन वर्षातून एकदा या बाकावर पालथं पडायचं.

ते ताडून बघायचं मुळाशी. मूळ म्हणजे पितळेचं एक किलोचं वजन. काटेवाल्यांच्या वडिलांकडून आलेलं. लाल मखमलीच्या पेटीत बसलेलं. घरात कुणी त्याला वजन म्हणत नसे. मूळ म्हणत. "मुळाला हात लावू नका," हे वाक्य त्यांच्या दोन्ही मुलांनी 'आई', 'बाबा' म्हणायच्या आधी ऐकलं असेल.

आठवड्यातून एकदा, प्रार्थनेच्या दिवशी, आंघोळ झाली की काटेवाले मूळ बाहेर काढत. मऊ फडकं घेत, फडक्यावर चिमूटभर बारीक पूड घेत, आणि घासायला बसत. पितळेत स्वतःचं तोंड दिसेपर्यंत घासत. मग इस्त्रीचा सदरा घालून बायकोबरोबर प्रार्थनाघराला निघत. त्यांच्या वडिलांनी असंच केलं होतं, त्याच फडक्याने नसेल, पण त्याच पेटीसमोर बसून. बायको म्हणायची, यांची प्रार्थना तिथे गेल्यावर सुरू होत नाही, इथेच अर्धी होऊन जाते.

आणि ते खरंच होतं. काटेवाल्यांच्या श्रद्धेत फार गुंतागुंत नव्हती. देव बाकी काही बघो न बघो, पारडं बघतो. एवढंच. त्यांनी एवढ्यावर सगळं आयुष्य काढलं. "काटेवाल्यांनी बघितलंय," असं कुणी म्हटलं की बाजारातलं भांडण तिथेच मिटायचं. तपासणी खात्याचे साहेब त्यांचा शिक्का दिसला की पुढे जायचे. एकदा मूळच तपासायची वेळ आली, तेव्हा साहेब हसून म्हणाले, "तुमचं काय तपासायचं?" त्यानंतर कुणी विचारलं नाही. काटेवाल्यांना तो मान वाटला.

त्यांना दोन मुलं. थोरला मुलगा, धाकटी मुलगी. थोरल्याचा हात बापासारखाच हलका होता. शिकला होता, बाहेरगावच्या मोठ्या तपासणी केंद्रात सहा महिने उमेदवारी करून आला होता, आणि परत येऊन बापाच्या शेजारी बाकावर बसला होता. सगळं नीट चाललं होतं.

मग रद्दीवाल्या शेठचं वजन आलं.

शेठ रद्दी आणि भंगार विकत घ्यायचे. विकणाऱ्याचं वजन हलकं असलं की गिऱ्हाईक फसतं. घेणाऱ्याचं जड असलं की विकायला आलेला फसतो, किलोच्या नावाखाली त्याची जास्त रद्दी जाते. थोरल्याने शेठचं एक किलोचं वजन तयार करून ठेवलं होतं. काटेवाल्यांनी सवयीने ते मुळासमोर ठेवलं. शेठच्या वजनाचं पारडं खाली गेलं.

दीड ग्रॅम जड.

त्यांनी वजन पालथं केलं. शिसं ताजं होतं. त्यावर थोरल्याच्या हत्याराची खूण होती.

"हे तू केलंस?"

"हो. बरोबर आहे ते, बाबा. केंद्रातल्या वजनाशी लावून आणलंय."

"दीड ग्रॅम जड आहे."

थोरल्याने काट्याकडे बघितलं. मग म्हणाला, "एकदा मूळ तपासून घेऊ या का?"

"काय?"

"मूळ. हलकं झालं असेल."

काटेवाल्यांचा आवाज कधी चढत नसे. त्या दिवशीही चढला नाही. "माझ्या बापाचं वजन हलकं," ते म्हणाले, "आणि रद्दीवाल्याचं बरोबर. काय कबूल केलंय शेठने तुला?"

थोरल्याने चिमटा खाली ठेवला. पुढे तो काहीच बोलला नाही. काटेवाल्यांनी ते गप्प राहणं आपल्या पारड्यात टाकलं.

त्यांच्या प्रार्थनाघरात एक रीत होती. शेवटच्या प्रार्थनेआधी ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं आणि कुणासाठी प्रार्थना करायची ते सांगायचं. कुणाचं दुखणं, कुणाची परीक्षा, कुणाचं लांबलेलं लग्न. काटेवाले कधीही उभे राहिले नव्हते. त्या आठवड्यात राहिले.

"माझ्या घरात खोटं वजन निघालं," ते म्हणाले. "रद्दीवाल्या शेठसाठी माझ्या मुलाने केलं. त्याच्यासाठी प्रार्थना करा."

सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. थोरला तिथे बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने तो गेला. एक पिशवी घेऊन. शेठचं ते वजन मात्र काटेवाल्यांनी फडक्यात बांधून बाकाच्या खालच्या खणात ठेवलं. पुरावा म्हणून.

पुढच्या आठवड्यात, त्याच वेळी, थोरल्याची आई उभी राहिली. "माझा थोरला घरी यावा," ती म्हणाली आणि बसली.

अकरा वर्षं ती दर आठवड्याला उभी राहिली. ताप असतानाही. शब्द तेच. एक जास्त नाही, एक कमी नाही. प्रार्थना चालवणारे मास्तर तिच्या उभं राहण्याची वाट बघायचे आणि मगच पुढे जायचे. आणि शेजारी बसलेले काटेवाले आपल्या बुटांची टोकं बघायचे. ती टोकं त्यांना पाठ झाली होती.

घरी या विषयावर बोलणं नव्हतं. महिन्यातून एकदा धाकटी दादाला फोन लावायची, आई बोलायची. नेमक्या त्या वेळी पुढच्या खोलीत कुठलातरी काटा बिघडायचा आणि काटेवाल्यांना उठून जावं लागायचं. तरी भिंती पातळ होत्या. तो त्याच केंद्रात नोकरीला लागल्याचं त्यांना कळलं होतं. एकटा राहतो हेही. त्याला चष्मा लागला, हेसुद्धा त्यांनी असंच भिंतीतून ऐकलं.

मधल्या काळात बाजार बदलला. लोखंडी वजनं कमी झाली, आकडे दाखवणारी यंत्रं आली. काटेवाले त्यांना 'डबे' म्हणायचे. धाकटी मात्र डब्यांचं काम शिकली. बाकाचा अर्धा भाग तिने घेतला. "तुमच्या बाजूला शिसं, माझ्या बाजूला वायर," ती म्हणायची. "हद्द ओलांडाल तर दंड."

एका सकाळी औषधवाल्याचं यंत्र दुरुस्त होऊन बाकावर होतं. धाकटी हात धुवायला आत गेली होती. काटेवाल्यांना डब्याची जरा खोड काढावीशी वाटली. त्यांनी पेटी उघडून मूळ त्यावर ठेवलं.

यंत्राने दाखवलं, नऊशे अठ्ठ्याण्णव.

"अगं, ये बाहेर," ते जवळजवळ आनंदाने ओरडले. "तुझा डबा खोटं बोलतोय!"

धाकटी हात पुसत आली. तिने बघितलं. तिने तपासणीसाठी नवं वजन आणलं होतं, दाखल्यासकट. कपाटातून ते काढून तिने यंत्रावर ठेवलं. बरोबर एक हजार.

"दुसरा डबा आण," काटेवाले म्हणाले.

दुसऱ्यावरही तेच. तिसऱ्यावरही तेच.

मग त्यांनी डबे बाजूला सारले आणि आपला जुना तराजू पुढे ओढला. एका पारड्यात नवं वजन, दुसऱ्यात मूळ. मुळाचं पारडं वर गेलं. अगदी थोडंसं. ज्याला बघता येत नाही त्याला दिसलं नसतं. काटेवाल्यांना चाळीस वर्षं दुसरं काही दिसलंच नव्हतं. त्यांनी चिमट्याने एक ग्रॅमचा पत्रा ठेवला. मग आणखी एक. काटा मध्यावर येऊन थांबला.

धाकटी बापाच्या हातांकडे बघत होती, कारण ते हात आता खालच्या खणाकडे चालले होते. त्यांनी फडक्याची गाठ सोडली. अकरा वर्षांत ती आवळून बसली होती, दातांनी सोडवावी लागली. शेठचं वजन बाहेर आलं. त्यांनी मूळ आणि दोन्ही पत्रे उचलून शेठचं वजन तिथे ठेवलं, नव्या वजनासमोर.

काटा मधोमध. हललासुद्धा नाही.

त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"तेव्हा दीड ग्रॅम होतं," काटेवाले म्हणाले. "आता दोन आहे."

धाकटीला उलगडायला क्षणभर लागला. मग तिची नजर पेटीशेजारच्या घडी घातलेल्या फडक्यावर गेली. काटेवाल्यांची आधीच गेली होती. थोरल्याला घालवल्यानंतरही अकरा वर्षं ते दर आठवड्याला मूळ घासत होते. दर आठवड्याला ते आणखी हलकं होत होतं. आणि ते हलकं वजन समोर ठेवून शहराच्या दुकानांतलं खरं शिसं त्यांनी स्वतःच्या हाताने कोरून काढलं होतं.

देव पारडं बघतो. बघत होताच की.

त्यांनी आत जाऊन बायकोला सांगितलं. ती धान्य निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, हात न थांबवता.

"मला काय सांगता?" ती म्हणाली. "मला माहीत होतं."

"मूळ हलकं आहे हे?"

"ते मला काय कळतंय. तो खोटं बोलत नाही, हे माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

आता तिचे हात थांबले. "अहो," ती म्हणाली, "अकरा वर्षं बोलतेय. दर आठवड्याला. तुमच्या शेजारी उभी राहून."

दुसऱ्या दिवसापासून काटेवाले दुकानं फिरायला लागले. एका पिशवीत धाकटीचं नवं वजन, दुसरीत शिसं आणि हत्यारं. वय सत्तरीला टेकलेलं, गुडघे कुरकुरणारे. प्रत्येक दुकानात तेच सांगायचे. "माझं मूळ हलकं निघालं. तुमची वजनं मी हलकी केलीत. भरून देतो."

किराणावाला इकडेतिकडे बघून म्हणाला, "काटेवाले, हळू बोला की. गिऱ्हाईक उभं आहे. गुपचूप भरून टाका, कुणाला कळतंय?"

"हलकं गुपचूप केलं नव्हतं," ते म्हणाले. "इथेच, चारचौघांत केलं होतं." आणि तिथेच जमिनीवर बसून त्यांनी शेगडी पेटवली.

काही जण चिडले. एकाने दाराबाहेरच उभं केलं. एकाने सगळ्यांसमोर सुनावलं, की मोठे धर्मात्मे म्हणून मिरवत होतात. काटेवाले म्हणाले, "हो. मिरवत होतो." आणि त्याचं वजन पालथं करून घेतलं. गिरणीवाला मात्र हसत सुटला. तो चांगला शंभर किलोचा, आणि आपल्याच मोठ्या काट्यावर रोज स्वतःला तोलायचा. "म्हणजे मी दिसतो तेवढा जाड नाही तर!"

काटेवाल्यांनी गंभीरपणे हिशेब केला. "किलोमागे दोन ग्रॅम. तुमचे दोनशे ग्रॅम कमी झाले."

"बायकोला येऊन सांगाल का?"

"सांगेन," काटेवाले म्हणाले. आणि खरंच जाऊन सांगून आले.

तीन आठवडे गेले. त्रेचाळीस दुकानं झाली. एका संध्याकाळी ते पाय शेकत बसले होते. बायकोने गरम पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "दोन दारं राहिली."

"कुठली?"

"तुम्हाला माहीत आहेत कुठली. त्रेचाळीस दुकानांच्या आड किती दिवस लपणार आहात?"

धाकटी दारातून म्हणाली, "बाबा, फोन लावून देऊ का दादाला?"

"भर सभेत बोललो होतो," काटेवाले म्हणाले. "आणि माफी फोनवर?"

केंद्र दुसऱ्या शहरात होतं, गाडीने तीन तासांवर. लांबट खोली, भिंतीला बाक, समोर काचेची खिडकी. दारात एक कागदी आकडा मिळायचा, तो पुकारला की उठायचं. काटेवाल्यांना सतरा मिळाला. मांडीवर मखमलीची पेटी घेऊन ते बसले. काचेपलीकडे थोरला होता. केस विरळ झालेले. चष्मा. हातात पांढरे मोजे, आणि मोज्यांतल्या बोटांत तीच नजाकत. बारा, तेरा, चौदा. तो प्रत्येक वजन असं उचलायचा जणू ते झोपलेलं आहे.

"सतरा."

काटेवाले उठले. पेटी खिडकीतून आत सरकवली. थोरल्याने मान वर केली नाही. त्याने पेटी बघितली. त्याचा हात तिथेच थांबला.

"कुणाचं वजन?" थोड्या वेळाने त्याने विचारलं. अर्जावर ते लिहावंच लागतं.

"माझं."

त्याने पेटी उघडली. मूळ उचललं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या पितळेला मोजे घातलेला हात लागला. काचेच्या कपाटातल्या बारीक तराजूत त्याने ते ठेवलं, दार लावलं, आकडा स्थिर व्हायची वाट बघितली. पुन्हा एकदा केलं. तिसऱ्यांदा केलं. केंद्राचा नियमच होता तीनदा करण्याचा, तरी काटेवाल्यांना वाटलं, हा तिसऱ्यांदा नियमासाठी करत नाहीये.

"दोन ग्रॅम आणि वर थोडं," तो म्हणाला. "कमी."

"लिहून द्या."

बापाने आपल्याला 'द्या' म्हटलेलं ऐकून थोरल्याने मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. अकरा वर्षं दोन्ही चेहऱ्यांवरून सारखीच गेली होती.

"इथे कारण लिहायचं असतं," थोरला म्हणाला. "कमी का झालं ते."

"घासून."

"फार घासलंत, बाबा."

"हो."

मागून एक माणूस म्हणाला, "काका, घरच्या गप्पा नंतर मारा. माझा अठरा आहे."

"तुमचा नंबर येईल," थोरला त्याला म्हणाला. "यांचा अकरा वर्षांनी आलाय." मग बापाला, हळूच, "दीड वाजता जेवायची सुट्टी असते. थांबाल?"

काटेवाले थांबले. आवारात झाडाखाली एक सिमेंटचा बाक होता. थोरल्याने डब्यातलं अर्धं झाकणात काढून बापापुढे ठेवलं. काटेवाल्यांना बोलायचं होतं. त्रेचाळीस दुकानांत जे सहज तोंडातून गेलं होतं, ते इथे येईना. शेवटी थोरलाच बोलला.

"तुम्ही मला घरात काहीही म्हणाला असतात तरी चाललं असतं. पण तिथे उभं राहून म्हणालात."

"हो."

"मी का गप्प बसलो, माहीत आहे? तुम्ही खोटं बोलत नव्हतात. तुम्हाला खरंच तसं वाटत होतं. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. तुमच्याशी काय भांडणार?"

काटेवाल्यांनी घास परत झाकणात ठेवला. "तू मूळ तपासा म्हणालास," ते म्हणाले. "पाच मिनिटांचं काम होतं. मी पाच मिनिटं दिली नाहीत. माझं चुकलं रे."

थोरल्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. बराच वेळ पुसला. "दाखल्याची शाई ओली आहे," तो म्हणाला. "घडी घालू नका."

थोड्या वेळाने काटेवाल्यांनी विचारलं, "येशील?"

"प्रार्थनाघरात नाही येणार. त्या माना मला अजून दिसतात."

"तिथे नको येऊस. तिथे मी बोलणार आहे. तू येणार म्हणून नाही, नाही आलास तरी. ते माझं काम आहे." मग जरा थांबून, "घरी येशील का, असं विचारत होतो."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. थोरल्याने बापाच्या हातातलं झाकण घेतलं आणि आत गेला.

राहिलं दुसरं दार. रद्दीवाले शेठ कागदांच्या ढिगात खुर्ची टाकून बसले होते. तेही म्हातारे झाले होते. "या," ते म्हणाले. "आता काय, आणखी जड निघालं काही?"

"तुमचं वजन बरोबर होतं. माझं हलकं होतं."

शेठ म्हणाले, "मला जडशेठ म्हणतात. माहीत आहे ना? माझी नात शाळेतून येऊन विचारते, आजोबा, तुम्ही तर बारीक आहात, मग जड कसे?"

"माहीत आहे."

"मग?"

"या आठवड्यात प्रार्थनेला या. मी बोलणार आहे."

"अकरा वर्षं तिकडे पाऊल टाकलं नाही मी."

"म्हणूनच सांगायला आलो."

शेठनी एक गठ्ठा उचलून उगाच दुसरीकडे ठेवला. "येईन," ते म्हणाले. "पण पहिल्या रांगेत बसणार. मला कमी ऐकू येतं. आणि हे मला दोनदा ऐकायचंय."

प्रार्थनेच्या दिवशी काटेवाल्यांनी आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, आणि पेटीसमोर बसले. फडकं उचललं. मग तसंच खाली ठेवलं. त्या अर्ध्या तासाचं काय करायचं ते त्यांना कळेना. बायको तयार होईपर्यंत ते नुसते बसून राहिले, हात मांडीवर ठेवून. धाकटी म्हणाली, "तुम्ही दोघं जा. माझं एक तातडीचं यंत्र आहे."

प्रार्थनाघर भरलेलं होतं. त्रेचाळीस दुकानांनी आपापलं काम केलं होतं. शेवटच्या प्रार्थनेआधी मास्तरांनी सवयीने थोरल्याच्या आईकडे बघितलं. पण काटेवाले उभे राहिले.

"अकरा वर्षांपूर्वी मी इथे उभा राहून म्हणालो होतो, माझ्या घरात खोटं वजन निघालं," ते म्हणाले. "ते खरं होतं. फक्त ते माझं होतं." त्यांनी खिशातून दाखला काढला. त्याला घडी घातलेली नव्हती, गुंडाळी केली होती. त्यांनी तो पहिल्या ओळीपासून वाचला. तारीख, वस्तू, कमी किती, कारण. खालच्या सहीवर त्यांनी बोट ठेवलं. "ही सही माझ्या मुलाची आहे. त्याचं वजन बरोबर होतं. शेठचंही बरोबर होतं. मी दोघांची नावं खराब केली. माझ्यासाठी प्रार्थना करा."

पहिल्या रांगेतून शेठ कानाला हात लावून म्हणाले, "मोठ्याने!"

कुणीतरी हसलं. काटेवाले हसले नाहीत. त्यांनी गुंडाळी पुन्हा उलगडली आणि पहिल्या ओळीपासून, मोठ्याने, सगळं पुन्हा वाचलं. आता मात्र कुणी हसलं नाही. ज्या चांगल्या नावावर हा माणूस उभा होता, ते त्याने काढून पारड्यात ठेवलं होतं, आणि पारडं खाली जाताना स्वतः बघत होता. शेठ मान खाली घालून बसले होते. त्यांची पाठ हलत होती.

मग थोरल्याची आई उभी राहिली. "माझा थोरला घरी यावा," ती म्हणाली. तेच शब्द. आणि बसली. काटेवाल्यांना वाटलं होतं, आज ती आणखी काही म्हणेल. पण तिला दुसरं काही नकोच होतं.

दोघं चालत परत आले. गल्लीच्या तोंडाशी काटेवाले थबकले. दुकानाच्या पायरीवर बुटांचा एक जोड होता. धाकटीचा नव्हता. धूळ बसलेला, लांबून आलेला. बायको थांबली नाही. ती गुडघेदुखीची बाई इतक्या भराभर चालताना त्या गल्लीने कधी बघितली नव्हती.

आत बाकावर, हद्दीच्या बरोबर मध्ये, थोरला बसला होता. धाकटी त्याला यंत्राचं पोट उघडून दाखवत होती. "दादा, ही वायर बघ," ती म्हणत होती, आणि तिच्या आवाजावरून कुणालाही कळलं असतं की वायरीला काहीही झालेलं नव्हतं.

आईने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "चष्मा फार जाड लागला रे," एवढंच म्हणाली. मग आत जाऊन भांड्यांचा खूप आवाज केला.

थोरल्याने बापासमोर एक पेटी ठेवली. नवीन. आत पितळेचं एक किलोचं वजन, दाखला, आणि पांढऱ्या मोज्यांचा एक जोड. काटेवाल्यांचा हात सवयीने पुढे गेला.

"बाबा," थोरला म्हणाला.

काटेवाल्यांनी हात मागे घेतला. मोजे उचलले. बोटं जाड होती, आत शिरेनात. थोरल्याने त्यांचं मनगट धरलं आणि एकेक बोट ओढून घालून दिलं. काटेवाल्यांनी मान बाजूला वळवून भिंतीवरच्या तराजूंकडे बघितलं. बराच वेळ.

"आणि जुन्याचं काय करायचं?" धाकटीने विचारलं. "शिसं भरायचं का?"

"मूळ भरत नसतात," बाप आणि थोरला एकदमच म्हणाले.

आतून आई आली. ओले हात पदराला पुसत तिने मूळ सरळ उचललं. ना मोजे, ना मखमल. "मला द्या," ती म्हणाली. "स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटतं."

ते अजून तिथेच आहे, दाराच्या तळाशी. आठवड्यातून एकदा काटेवाले खाली बसून ते घासतात. तेवढं हिने चालवून घेतलंय. दाराला दोन ग्रॅमचं काय.

पुढच्या आठवड्यात प्रार्थनाघरात मास्तर नेहमीप्रमाणे थांबले. थोरल्याची आई नेहमीप्रमाणे उभी राहिली. तोंड उघडलं, आणि तशीच राहिली. थोरला तेव्हा घरी धाकटीच्या बाजूच्या वायरी आपल्या बाजूला ओढत होता.

"काही नाही," ती म्हणाली. "सवयीने उठले."

आणि बसली. काटेवाले तिच्याकडे बघत होते.